कुंचीचा बंद

तळवलीच्या नाक्यावर पिको-फॉल करणारी ती बाई दातांत दोरा धरूनच बोलते, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी रागावल्यासारखं वाटतं.

माझ्या लेकीचं पहिलं बाळ जगलं नव्हतं. या खेपेला सातव्या महिन्यातच मी माझी जुनी सुती साडी घेऊन कुंची शिवायला गेले.

"आदी बाल येव दे, ताई. पोटातल्या पोराचं शिवत नाय," ती म्हणाली. साडी मात्र ठेवून घेतली.

नात झाल्याचं सांगायला गेले, तर तिनं मशीनखालून कुंची काढली. "म्हणजे आधीच पुरी शिवून ठेवलीस?" मी विचारलं.

"पुरी कुठं हाय? गल्याचा बंद ठेवलाय लावाचा."

मग दातांतला दोरा काढून तिनं हळूच विचारलं, "रडली ना चांगली?"