कव्हर वाळेपर्यंत

घरातला बल्ब बदलायचा म्हटला की आमच्या ह्यांची कंबर धरायची. पण मोटारसायकलच्या इंजिनाची कव्हरं खोलायला हाच माणूस पहाटे उठला. का, तर पनवेलात म्हणे सगळ्यांच्या गाड्या चकाचक आणि आमचीच कळकट! पॉलिश पेपर आला, जुना रंग काढायचं औषध आलं, सायलेन्सरला मारतात तो सिल्व्हर रंग आला. "गॅरेजवाल्याला काय कळतंय? हातात कला लागते." कला कसली डोंबलाची! उंटावरचा शहाणा नुसता.

मला त्याच गाडीवरून मोऱ्याला, माहेरी जायचं होतं. आई भावाकडे असायची आणि तिला विसर पडायला लागला होता. गणपतीत तिनं मला ओळखलं, पण जेवलेली पुन्हा जेवायला बसली. नंतर भावाचा मोबाईलवर फोन आला, "ताई, लवकर येऊन जा. आयेचं आता काय खरं नाय."

मी म्हटलं, एसटीनं जाते. "घरात गाडी असताना बायको एसटीनं लोंबकळत जाणार? लोक काय म्हणतील?" गाडीची आतडी गॅलरीत पेपरवर पसरलेली, पण रुबाब बघा! "पुढच्या रविवारी नक्की."

पुढच्या रविवारी रंग मारून कव्हरं माझ्या कपड्यांच्या दोरीला टांगली. खालून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर चाललेले. ओल्या रंगावर ही एवढी धूळ बसली. पुन्हा खरवड, पुन्हा रंग, पुढचा रविवार. मग कुणीतरी कानात सोडलं, की रंग भाजला की पक्का होतो. झालं! माझ्या पापडाच्या जाळीवर कव्हर चढलं. वास एवढा सुटला की शेजारीण धावत आली, "काय जळतंय हो?" म्हटलं, नवऱ्याची अक्कल.

दसऱ्याला एकदाची कव्हरं बसली. खोलताना आतलं, तेल अडवणारं पॅकिंग फाटलं होतं. ते दुकानात मिळतं, पण तिथवर जाणार कोण? साहेबांनी चुलतबहिणीची लग्नपत्रिका कापून बसवली. जाड कागद आहे म्हणे. गणपतीचं चित्र तेवढं बाजूला काढलं, पाप नको! गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, मी पिशवी घेऊन उभी. किक मारली तशी पत्रिकेतून तेल गळायला लागलं, थेट माझ्या रांगोळीवर.

"अगं, पण रंग बघ! एक पोपडा नाही आला!"

मी पिशवी खांद्याला लावली आणि तडक एसटी स्टँडवर गेले. "संध्याकाळपर्यंत करतो ना, थांब की," असं मागून ओरडत होते.

आई भावाच्या ओट्यावर बसली होती, मांडीवर आपट्याची पानं. मला बघून सरकली, शेजारी जागा दिली. हातावर पान ठेवलं आणि म्हणाली, "सोन्यासारखी रहा, बाय." मला इतकं बरं वाटलं, की डोळेच भरले. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि भावाकडे वळून म्हणाली, "ही कुनाची रं पोरगी?"

मी तिचा हात धरला, म्हटलं, "तुझीच गो, आये." ती हसली. दारात आलेल्या परक्या बाईकडे बघून हसतात तसं. माझे ते सगळे रविवार रंगात घालवणाऱ्या त्या माणसाला मी आजतागायत माफ केलेलं नाही.