अशरफशेठची चिकटपट्टी

कुवेतमधल्या खैतानच्या आमच्या इमारतीत अशरफशेठचं दार माझ्या दारासमोर. त्यामुळे त्यांच्याकडे मासळी कुठली आली नि भांडण कशावरून झालं, हे मला घरबसल्या कळतं. माणूस रत्नागिरीकडचा. कुवेतला आला तो रुमैथियात एका घरी ड्रायव्हर म्हणून. पुढे कार्गोचा धंदा काढला. आपली ब्लँकेटं, दूधपावडर, साबण कार्टनमध्ये भरून बोटीने गावी घरपोच. धंदा चोख केला, खोटं कशाला बोला? पण कार्टनच्या चिकटपट्टीवर स्वतःचा फोटो छापून घेतला. पट्टी ओढली की अशरफशेठांची रांगच दात काढत बाहेर!

"शेठ, आमच्या सासूबाई कार्टन उघडायला घाबरतात," मी म्हणायचो.

"ओळखतात ना पण, रामभाऊ?" गडी खूश!

मग ते गावच्या जमातीच्या, म्हणजे त्यांच्या मुस्लिम समाजाच्या, कुवेत कमिटीचे अध्यक्ष झाले. इफ्तारच्या खजुराच्या डब्यावरही तेच थोबाड. तेवढ्याने पोट भरेना, म्हणून गावी सरपंचकीला उभे राहिले. रविवारी मतदान, शुक्रवारी यांचं विमान.

त्याच आठवड्यात, मंगळवारी पहाटे, खालच्या मजल्यावरचा रफीक टेलर झटक्याने गेला. शेठच्याच गावचा. बायको फखरुन्निसा इथेच नर्स, रफीकचा भाऊ साबीर सबाह अल-सालेम भागात राहणारा. त्यांच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. त्याच दिवशी दुपारनंतरच्या असरच्या नमाजनंतर सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन करायचं ठरलं.

मी रफीकच्या घरीच होतो, तेवढ्यात तिथे शेठ आले. "भाभी, घाई नको. शुक्रवारी मी स्वतः मय्यत गावी नेतो. अख्खा गाव शेवटचं तोंड बघायला जमेल."

"तोवर त्यांना शीतपेटीत ठेवू?"

"जमातीची इच्छा आहे. पेटीसुद्धा आणलीय."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली पिकअपमध्ये लाकडी पेटी, आणि तिचे कोपरे त्याच चिकटपट्टीने मढवलेले.

"शेठ," मी म्हटलं, "तोंड नक्की कुणाचं बघायचंय? पेटीवर तर तुमचंच आहे."

शेठनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गावी रफीकच्या आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "अम्मा, पोराला बघायचंय ना? भाभीला सांगा."

म्हातारी रडत होती. फखरुन्निसाने ओढणी तोंडात कोंबली. आता सासू काय म्हणेल ते तिला मोडता येणार नव्हतं.

"बघायचंय रे," म्हातारी म्हणाली. "पण मला बघायला मिळावं म्हणून त्याला ताटकळत ठेवू? सूनबाई, आजच निजव त्याला."

शेठनी फोन असा बंद केला, जसा विंचू हातातून टाकावा.

कब्रस्तानात मात्र सगळ्यांच्या पुढे तेच, पांढऱ्याशुभ्र कपड्यात. बोटांच्या टोकांनी चिमूटभर माती टाकली नि मागे उभ्या आपल्या पुतण्याला विचारलं, "आला का नीट?"

साबीरने फावडं पुढे केलं. "फोटो आला, शेठ. माती अजून बाकी आहे."

सगळे बघत उभे. शेठच्या कमरेत नेमकी तेव्हाच उसण भरली!

दुसऱ्या दिवशी गावात फलक लागला: 'परदेशात गावकऱ्याला स्वहस्ते माती देणारा आपला माणूस.' निवडूनही आले. कुवेतला परतल्यावर पेढे घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा आमची बायको शामला गावी पाठवायचं कार्टन बांधत होती. सुतळीने. डबा त्यांच्या हातातच राहिला, तिने गाठ मारली, दाताने सुतळी तोडली नि म्हणाली, "भावजी, दार ओढून घ्या जाताना."