साड्यांच्या कुंपणातलं पिल्लू

सासूबाई म्हणतात, माझ्या पायाला भिंगरी आहे. खरंच आहे. त्या वर्षी सावर्ड्याच्या वरच्या अंगाला, रानाला लागून असलेल्या तुकड्यात कुळीथ तरारला आणि डुकरांच्या धास्तीने मी एका दुपारीत चारी बाजूंनी जुन्या साड्यांचं कुंपण बांधून टाकलं. साड्या फडफडल्या की जनावर बिचकतं, म्हणून आमच्याकडे सगळेच बांधतात. बांधण्याआधी आत एक चक्कर मारावी, हे मात्र मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधालगतच्या गवतात पिल्लू दिसलं. चौशिंग्याचं, म्हणजे चार शिंगांच्या छोट्या हरणाचं, मांजराएवढं, कान पाडून दगडासारखं पडलेलं. चौशिंग्याची मादी पिल्लू गवतात दडवते आणि स्वतः लांब राहते, म्हणजे तिच्या वासाने बिबट्या पिल्लापर्यंत येत नाही. पाजायला तेवढी येते. चार शिंगं असतात ती नराला; हिच्याकडे पळण्याखेरीज दुसरं काही नाही. अशा भित्र्या जिवाच्या वाटेत मी लाल-पिवळ्या साड्या लावून ठेवल्या होत्या! पिल्लू कालपासून उपाशी होतं आणि ते माझ्यामुळे.

रानाकडची बाजू मी तिथल्या तिथे सोडली. मग घरी चैन पडेना. बाराला जाऊन आले, तीनला जाऊन आले. पिल्लू तिथेच, कुशी आत गेलेल्या. चार वाजता वाटीत शेळीचं दूध घेऊन निघाले, तर सासूबाई काठी टेकत मागोमाग आल्या.

"ठेव ती वाटी! ती हितंच कुठंतरी हुबी हाय. तू हाललीस की येल."

"आणि नाही आली तर, आई?"

"तर नाय आली. पन तू हितं असलीस तर नक्की नाय यायची."

मला राग आला. खरं बोललं की मला येतोच. संध्याकाळभर मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले.

उजाडताच गेले. सोडलेल्या बाजूने डुकरं शिरून अर्धा कुळीथ उकरून गेली होती. गवतातली जागा रिकामी. रक्त दिसतंय का, म्हणून गुडघ्यांवर बसून हाताने गवत चाळलं. काही नव्हतं. मान वर केली, तर पलीकडे करवंदीच्या जाळीपाशी मादी उभी होती आणि पिल्लू तिच्या पोटाखाली ढुशा देत होतं.

मला इतका आनंद झाला की मी उठले आणि एक पाऊल पुढे टाकलं. एकच. मादी उसळली आणि रानात गेली. पिल्लू आचळ सोडून तिच्या मागे, लटपटत.

पुन्हा ती दोघं दिसली नाहीत. त्याचं पोट भरलं होतं का, ते मला अजून माहीत नाही.