हिरव्या खुणांचा साहेब

तिचा नवरा बातम्यांच्या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचा प्रमुख होता. ऑफिसात त्याला 'हिरवेसाहेब' म्हणत आणि तो ते घरी येऊन कौतुकानं सांगे. चाचणी पास झाली की स्क्रीनवर हिरवी खूण उमटते, नापास झाली की लाल. त्याच्याकडे लालचं नाव नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "आमचा लेक कॉम्प्युटरची परीक्षा घेतो." उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करायलाही न उठणारा माणूस कुणाची कसली परीक्षा घेत असेल, हा प्रश्न तिला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून पडत आला होता. पण ती पडली दैनिकातली उपसंपादक. तिला काय कळतं त्यातलं?

तिच्या दैनिकाची वेबसाइट नेमकी त्याच सॉफ्टवेअरवर चाले. सोमवारी 'गुरुवारी पाणी बंद' अशी बातमी लागली. तासाभरात पाणीखात्याचा फोन आला, गुरुवार नाही, बुधवार. तिनं दुरुस्ती केली, 'प्रसिद्ध करा' दाबलं. 'प्रसिद्ध झाले,' स्क्रीननं छातीठोकपणे सांगितलं. वाचकांना मात्र गुरुवारच दिसत राहिला. बुधवारी अर्ध्या शहराचे नळ कोरडे आणि बादल्याही कोरड्या. संध्याकाळी संपादकांनी तिच्या हातात पत्र ठेवलं: निष्काळजीपणाचा खुलासा शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर घरी बसा.

"तू सेव्ह करायला विसरली असशील," गुरुवारी सकाळी नवरा चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "दुरुस्तीची चाचणी आमच्याकडे रोज होते. रोज हिरवी."

"दाखव."

"अगं, तुला नाही कळायचं."

"मग घाबरतोस कशाला? दाखव."

त्यानं खरकट्या बशा सरकवून लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर चाचणी आपोआप चालू लागली. एक बातमी उघडली, तिच्यातला एक शब्द बदलला, ती प्रसिद्ध झाली, पानाचा फोटो निघाला आणि जपून ठेवलेल्या नमुन्याच्या फोटोशी ताडला गेला. हिरवी खूण.

तिनं वाकून नमुना पाहिला.

"अरे, नमुन्यातच जुना शब्द आहे!"

"हं... सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तेव्हा फोटो जुळेनात. म्हणून नवे फोटोच नमुना म्हणून मान्य केले."

"उघडून न बघता?"

"दोनशे बारा होते! सगळे एकदम मान्य करायचं बटण असतं."

"म्हणजे पोरानं उत्तर चुकवलं की तू उत्तरसूची बदलतोस."

"सकाळी सकाळी बोलू नकोस गं त्याला," आतून सासूबाई. "दमतो बिचारा."

"एवढंच लिहून दे," ती म्हणाली, "की दोष सॉफ्टवेअरचा होता, दुरुस्ती बाहेर पोचतच नव्हती."

तो तासभर खपला आणि एक वाक्य प्रसवला: 'विशिष्ट परिस्थितीत अद्ययावत मजकूर विलंबाने दिसण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"हे खुलाशात घालू? म्हणजे स्वतःचा राजीनामाच लिहिल्यासारखं."

"माझी बढती आहे गं या महिन्यात. तुझं काय, तुला कुठंही मिळेल नोकरी."

तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मोबाइलनं त्या नमुन्याचा फोटो काढला आणि त्याच्या बाजूच्या नोंदीचाही: तारीख, वेळ, मान्य करणाऱ्याचं पूर्ण नाव. दोनशे बारा फोटो, नऊ सेकंद. चार ओळींचा खुलासा लिहून दोन्ही फोटो जोडले आणि त्याच्यासमोरच पाठवून दिला.

दुपारी संपादकांनी पत्र मागे घेतलं आणि त्याच्या कंपनीला दुसरं लिहिलं. कंपनीनं त्याला काढलं नाही. दोनशे बाराही फोटो एकेक करून डोळ्यांनी तपासायला सांगितलं. बढतीचं नंतर बघू म्हणाले.

"नाव तरी झाकायचंस," शुक्रवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलाशी फोटो उघडून बसला होता. "घरचा माणूस म्हणून." मग जरा वेळानं, "अगं, या पहिल्यात चूक कुठंय? मला तर सगळं ठीक दिसतंय."

चपला घालताना तिनं दारातूनच पाहिलं. बातमीचं शीर्षक आडवं होऊन फोटोतल्या माणसाच्या तोंडावर पसरलं होतं.

"बघ नीट," ती म्हणाली आणि ऑफिसला निघाली.