जिन्यातला हेल

२००८च्या मंदीनंतर दुबईतील आमच्या कार्यालयात दर आठवड्याला कुणाला तरी कामावरून काढत. माझ्या शेजारी एक आयरिश अभियंता बसे. आमच्याशी तो सपाट, बेतीव इंग्रजी बोले. आईचा फोन आला, की जिन्यात जाऊन गावच्या हेलात बोले. मी एकदा कारण विचारले.

“या हेलाला डब्लिनमध्येसुद्धा हसतात. इथे कोण कामावर ठेवील मला?”

अखेर त्यालाही काढल्याचे पत्र मिळाले. त्या दिवशी त्याने प्रत्येक मेजाशी जाऊन त्याच हेलात निरोप घेतला. निम्मे कळले नाही. हसले मात्र कुणी नाही. मला म्हणाला, “खलास, हबीबी, संपले मित्रा. नोकरीसाठी लपवला होता. आता कशाला?”

माझी नोकरी टिकली. गावच्या भावाशी फोनवर मालवणी बोलायला मी त्याच जिन्यात जात राहिलो.