राणीची चोळी आणि दाजींचा माग

मला राग लवकर येतो. निपाणीच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोर हे आनंदानं सांगेल. पण माझ्या राणीछाप पैशांना कुणी भंगार म्हटलं की मला जो राग यायचा, तो शाळेतल्या रागाच्या दुप्पट. एकदा तर सख्ख्या मामेसासऱ्यांना मी जेवणाच्या पानावरून उठवायचा बाकी होतो.

राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा तांब्याचा पैसा. जाडजूड, एका अंगाला राणी, दुसऱ्या अंगाला साल. मी मास्तर झालो तेव्हा राणी जाऊन बरीच वर्षं झाली होती, जर्मनीची पहिली लढाईसुद्धा संपली होती. तिच्यामागून आलेल्या बादशहांचे पैसे बाजारात खुळखुळत होते, तरी त्यांच्यात अधूनमधून राणी निघायची. बाजारादिवशी तंबाखूच्या वखारीतल्या बायका कनवटीचे पैसे सोडून माझ्यापुढं धरायच्या. "निवडा मास्तर, तुमची राणी हाय का बगा," म्हणायच्या आणि एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसायच्या. मी राणी उचलायचो आणि नवा पैसा तिच्या जागी ठेवायचो. त्यासाठी माझ्या खिशात नव्या पैशांची पिशवी कायम असायची.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मी पुठ्ठा बसवला होता. त्याला गोल खण कापलेले, एका सालाला एक खण. पहिला अठराशे बासष्टचा. सगळे खण भरायला मला सात वर्षं लागली. शेवटचं साल मिळालं त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. लोक विचारायला लागले, मुलगा की मुलगी? बायकोनं डोक्याला हात लावला आणि आत निघून गेली.

हा भरलेला डबा मिरवायला मी बेळगावला गेलो. माझी थोरली आक्का वडगावात दिलेली. दाजी हातमागावर साड्या विणायचे. आमचं घरही मूळचं विणकराचंच, मी तेवढा खडू धरला. शिकलो म्हणून थोडी घमेंडही होती. दाजींना मराठी अक्षर जेमतेम लागायचं, इंग्रजी तर राहिलंच. त्यामुळं मी डबा उघडून एकेक साल मोठ्यांदा वाचून दाखवायला लागलो, वर्गात पाढे म्हणतात तसा.

दाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी सुताचे धागे मोजायचं भिंग काढलं. सालाकडं ढुंकून बघितलं नाही. पहिल्या खणातला पैसा उचलला, मग माझ्याकडचा त्याच सालाचा जादा पैसा घेतला. दोन्ही बराच वेळ भिंगाखाली फिरवले. आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या राणीला शिंपी किती हुते?"

"म्हणजे?"

"ह्या दोन चोळ्या एका हातच्या न्हाईत. हिच्या छातीवरच्या पट्टीत चार फुलं हाईत, शेवटचं अर्ध्यात कापलंय. ह्या दुसरीच्यात तीनच, पर तिन्ही पुरी."

मला हसू आलं. "दाजी, झिजलं असंल."

"झिजलं तर फूल पुसट हुईल. मोजात कमी कसं हुईल?"

मी भिंग हिसकावून घेतलं. चार आणि तीन. अगदी सरळ, डोळ्यांपुढं! सात वर्षं मी ते पैसे चोळत, गोंजारत बसलो होतो आणि नुसते आकडे वाचत होतो. राणीनं अंगात काय घातलंय हे बघायची बुद्धी झाली नाही. दाजींनी आयुष्यभर काठ आणि पदर विणले. त्यांची नजर गेली ती थेट कापडावर. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मेव्हण्यानं दाजीपुढं इतकं वाकायचं म्हणजे पुढं जन्मभर ऐकून घ्यायचं, म्हणून नुसतं "वा" म्हणालो.

"आणि एक तिसरी जात हाय," दाजी म्हणाले. "तिच्या पट्टीत फुलंच न्हाईत. नुसतं मणी. माझ्या बाच्या पैशांत हाय एक."

"कुठं हाय?"

"मागाला लटकलीया."

ते असं. साडीचं अंग सुताचं आणि काठ रेशमी. दोन्हीचे उभे धागे एकसारखे ताणत नाहीत. म्हणून काठाचे धागे मागाच्या पाठीमागं वेगळे सोडतात आणि त्यांना ओझं बांधतात. कुणी दगड बांधतं, कुणी विटेचा तुकडा. दाजींच्या वडिलांनी राणीछाप पैसे बांधले होते, डाव्या काठाला चाळीस आणि उजव्या काठाला चाळीस, दोन कापडी पिशव्यांत. दोन्हीकडं ओझं सारखं, म्हणून दोन्ही काठ सारखे. दाजींच्या साडीचे काठ बघायला शहापूरच्या पेठेतली साड्यांची व्यापारी माणसं यायची.

"बगा हवं तेवढं," दाजी म्हणाले, "पर ही साडी मागावरनं उतरली की मग."

ती साडी माझीच होती. म्हणजे आक्काच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीची पिवळी साडी मामाकडून यायची, अशी आमची रीत. सूत-रेशीम मी आणून दिलं होतं आणि विणत होते दाजी. भाची तर दिवसातून चारदा येऊन पिवळ्यावर हात फिरवून जायची. "मामा, हिरवा काठ मीच निवडलाय हं," म्हणायची.

साडी उतरायला अजून पंधरा दिवस. पंधरा दिवस दम धरायचा, एवढंच होतं. पण माझ्यासारख्या उतावळ्याला ते कुठलं जमायला?

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी मांडवाचं बोलायला खासबागला गेले. आक्का चुलीपुढं होती. मी मागाच्या मागं शिरलो आणि पिशव्या सोडल्या. डाव्या पिशवीत ती सापडली. काय सांगू! फुलांचा पत्ता नाही, पट्टीभर नुसते मणी, ओळीनं, आणि पैसा असा कोरा की आत्ता टाकसाळीतून आलाय म्हणावं. मी ती काढली आणि तिच्या जागी खिशातल्या पिशवीतला नवा पैसा टाकला. मग म्हटलं, ही चार फुलांची पण बरी आहे. ही तीनची माझ्याकडच्यापेक्षा ठळक आहे. असं करता करता त्या एकाच पिशवीतून बावीस राण्या निघाल्या आणि बावीस नवे पैसे आत गेले. पैशाला पैसा ठेवला, ह्यात चोरी कसली? असं मी मला समजावलं आणि तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं गाणं गुणगुणत निपाणीला परतलो.

आठ दिवसांनी त्याच मोटारीचा ड्रायव्हर शाळेच्या फाटकाशी आला. "वडगावच्या दाजींचा निरोप हाय. म्हणाले, मास्तरास्नी सांगा, राण्या घेऊन या. पोरीची साडी वाकडी निघाया लागलीया."

मी घरी येऊन आरडाओरडा केला. "मोजून ठेवलेत! एक कमी नाही! साडी वाकडी निघाली तर माझा काय संबंध?" बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात पुढं करा." माझ्या एका हातावर तिनं राणीछाप ठेवला आणि दुसऱ्यावर नवा पैसा. रुंदीला दोन्ही सारखे, पण नवा पातळ. तळव्याला कळत होतं. बावीस जाड पैसे काढून मी बावीस पातळ पैसे टाकले होते. मोजदाद बरोबर होती, ओझं गेलं होतं. विणकराच्या पोटी जन्मलो, लहानपणी मागाखाली रांगलो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाला नऊ दिवस राहिले होते. मी डबा काखेत मारला आणि मोटारीत बसलो. संकेश्वर येईपर्यंत आक्काला काय सांगायचं ते जुळवत होतो, त्यापुढं तेही सुचेना.

मागावर पिवळी साडी होती. उजवा काठ सुतासारखा सरळ आणि डावा हातभर लांबीत झोल खाल्लेला, लाटा उठलेला. दाजी विणलेलं आडवं सूत एकेक करून मागं काढत होते. आक्का माझ्याकडं न बघता उभी होती. मला वाटलं, आता दाजी तोंड सोडतील. सोडावं असंही वाटत होतं.

"या मास्तर," दाजी म्हणाले. "दोन डाव उसवली. फणी बदलली, दोऱ्या बदलल्या. चार दिवस मी माझ्या हाताला शिव्या घातल्या. म्हटलं, म्हातारा झालो, हात गेला. मग पिशवी उचलून बगितली तवा कळलं."

हे ऐकून मला जे वाटलं ते कुठल्या शिवीनं वाटलं नसतं. त्या हातांची मी गावभर तारीफ करत फिरत होतो, आणि माझ्यामुळं त्या माणसानं चार दिवस स्वतःच्याच हातांवर संशय घेतला.

दाजींनी बांबूची एक सरळ काडी मधोमध दोऱ्यानं आढ्याला टांगली. एका टोकाला उजवी पिशवी, दुसऱ्याला डावी. पातळ पैसे त्यांनी आधीच काढले होते. मी डबा उघडला आणि एकेक राणी डाव्या पिशवीत सोडायला लागलो. एकवीस सोडल्या. बाविसावा म्हणून माझ्या जुन्यातला एक गुळगुळीत पैसा टाकला. मण्यांची राणी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. हो, तेव्हासुद्धा! आता लपवून काय करू?

काडी सरळ झाली नाही. डावं टोक बोटभर वर राहिलं.

दाजी काडीकडं बघत राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. तेवढ्यात भाची दारात आली. हाताला हळद कुटल्याचा पिवळा रंग. "झालं का हो मामा?" तिनं विचारलं. "येतीया न्हवं साडी वेळेवर?"

मी खिशात हात घातला. गुळगुळीत पैसा काढला आणि मण्यांची राणी पिशवीत टाकली. ती कोरी होती, तिची झीज झाली नव्हती, तेवढंच ओझं कमी पडत होतं. काडी हलली, डुलली आणि आडवी सरळ थांबली.

"आली म्हण की," दाजी लेकीला म्हणाले. "मामानं मनावर घेतलंय."

साडी लग्नाच्या दोन दिवस आधी उतरली. मांडवात बायका काठ उलटून पालटून बघत होत्या. एका म्हातारीनं दोन्ही काठ जुळवून डोळ्यांजवळ नेले आणि नुसती मान हलवली. भाची त्या पिवळ्यात इतकी गोड दिसत होती की मी खांबाआड जाऊन डोळे पुसले. दाजी तेव्हा पाहुण्यांना पानसुपारी देत हिंडत होते.

वरात गेल्यावर मी त्यांना गाठलं. इतके दिवस एक गोष्ट मला टोचत होती. "दाजी, ओझंच कमी पडत होतं तर पिशवीत दोन खडे टाकायचे. साडी एक-दोन दिवस आधी झाली असती. मला कशाला बोलावलं?"

"खडं टाकून भागलं असतं की," ते म्हणाले. "पर साडी मामाची हाय. लग्नात पोरगी ती नेसंल तवा तुमाला तिच्या तोंडाकडं बगाया यावं, म्हणून बोलावलं."

दाजी आत गेले आणि दोन गाठोडी घेऊन आले. एकात त्या ऐंशी राण्या होत्या. "आता माग रिकामा हाय. घ्या तुमची मण्यांची."

"नको," मी म्हणालो. "पुढची साडी चढवाल तेव्हा ओझं लागेल. तिथंच असू दे ती. मी बघायला येत जाईन." दाजी हसले आणि दुसरं गाठोडं माझ्या हातावर ठेवलं. पिवळ्या सुताच्या तुकड्यानं बांधलेलं, लहानसं. आत माझे बावीस पातळ पैसे होते. मोजून, जसेच्या तसे.

त्यानंतर मी चोळ्यांवरून राण्या लावायला शिकलो. चार फुलांची, तीन फुलांची, आणखीही दोन जाती हाती आल्या आणि प्रत्येक वेळी नवी जात आधी दाजींच्या भिंगाखाली गेली. मण्यांची पुन्हा कधी मिळाली नाही. माझा संग्रह बघायला आता लांबून माणसं येतात. डबा उघडला की त्यांना पुठ्ठ्यावर मधोमध पिवळ्या सुतानं बांधलेले बाजारचे बावीस पैसे दिसतात. "हे कशाला ठेवलेत? ह्यांना कोण विचारतं?" असं कुणी म्हणालं की मला राग येत नाही. तेवढ्यालाच येत नाही. मी त्यांना सांगतो, राण्या हव्या तेवढ्या हाताळा, पण ती गाठ सोडू नका. ती दाजींनी बांधलेली आहे.