नव्या चर्चमधली प्रार्थनेची तालीम

बेंबळीत आमचं स्वतःचं चर्च सुरू करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि त्याचा भक्तीशी काडीचाही संबंध नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर रविवारची उपासना आमच्याच बैठकीच्या खोलीत भरायची. झाडलोट माझ्याकडं, चहा माझ्याकडं आणि प्रार्थना माझ्या सासूबाईंकडं. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्यांच्या प्रार्थनेत अख्ख्या गावाची खबरबात असायची. कुणाचा गुडघा, कुणाची गाभण शेळी, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ, सगळं त्या नाव घेऊन, तपशिलासकट देवाच्या कानावर घालायच्या. त्यात माझाही नंबर लागायचा. "प्रभू, आमच्या सूनबाईला सकाळी लवकर उठायची बुद्धी दे," असं त्या भरल्या खोलीत म्हणायच्या आणि बाकीचे डोळे मिटून आमेन म्हणायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण देवाशी चाललेल्या बोलण्यात मध्येच कसं बोलणार?

चर्चसाठी रस्त्याकडेचं एक पत्र्याचं शेड मिळालं. आधी तिथं खताचं गोदाम होतं. चुना मारला तरी वास काही गेला नाही. शेड मिळाल्याबरोबर कार्यकारिणी झाली. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी अध्यक्ष, आमचे हे सचिव. मग उद्घाटनाची तयारी. आमच्याकडं शाल-नारळाशिवाय कार्यक्रम झाला असं कुणी धरतच नाही. पण ख्रिस्ती माणसाला नारळ चालतो का, यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी नारळ हातात द्यायचा, फोडायचा मात्र नाही, असा ठराव पास झाला. पहिला सत्कार सरपंचांचा की सोलापूरहून येणाऱ्या पाळकांचा, यावरून तर गुरुजी आणि आमचे हे आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आत्यांना स्वागत समितीत घेतलं, म्हणजे दारात उभं राहून पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं. प्रार्थना गुरुजी करणार, कारण त्यांना माईकची सवय. आत्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं, आणि माझ्या झोपेबद्दल त्या देवाजवळही बोलेनात. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून माझाच मला राग आला.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी शेडमध्ये तालीम होती. गुरुजींनी माईकवर फुंकर मारली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "आदरणीय परमेश्वर, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो!" पुढं देवानं वेळात वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले, आणि सवयीनं जय हिंद, जय महाराष्ट्र करून खाली बसले. आमेन कुठं म्हणायचं, ते कुणालाच कळेना.

सगळ्यांनी डोळे उघडले. आमच्या शेजारची वैनी तेवढी डोळे मिटूनच बसली होती. तिचा नवरा सोलापूरच्या दवाखान्यात पडून होता. त्याचं नाव निघेल म्हणून ती वाट बघत होती.

मला राहवेना. "गुरुजी, वैनीच्या मालकाचं ऱ्हायलं. प्रार्थना आत्यांनाच करू द्या."

"सूनबाई, कार्यक्रमाला वेळंचं बंधन असतंय," गुरुजी म्हणाले. "सासूबाईंना दोन मिन्टं देऊ की."

"दोन मिन्टात कुणाकुणाचं दुखणं सांगायचं त्यांनी? आत्यांची प्रार्थना न्हाय, तर उद्घाटनाला म्या बी न्हाय, अन् चहा बी न्हाय!"

आमचे हे वर पत्र्याकडं बघत राहिले. गुरुजींनी माईक पुढं केला. आत्यांनी तो घेतलाच नाही. त्या वैनीजवळ जाऊन बसल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन सुरुवात केली. त्याला लागलेली धाप, रात्रीचा ताप, डॉक्टरच्या हाताला यश, काही म्हणता काही सोडलं नाही. वैनी हुंदके देऊन रडायला लागली. मग गावातले गुडघे झाले, शेळ्या झाल्या, गुरुजींचं ब्लडप्रेशरही झालं.

शेवटी माझं नाव आलं. मी ओठ दाबून तयारच होते.

"प्रभू, आमच्या सूनबाईचं तोंड लई चालतंय," आत्या म्हणाल्या. "ते असंच चालू ठेव."

सगळ्यांच्या आधी आमेन मीच म्हटलं.